साफ केलेल्या कॅसेटी

उस्तादांची मुलाखत घेण्याची एक पद्धत होती. पहिल्या भेटीत ते काहीही विचारायचे नाहीत. कॉफी प्यायची, खजूर खायचे, घरातल्या माणसांची आणि बकऱ्यांची चौकशी करायची आणि उठायचं. दुसऱ्या वेळी कॅसेट रेकॉर्डर न्यायचा, पण नुसता समोर ठेवायचा, बंद. त्यानंतरच्या भेटीला बटण दाबायचं. “आदमी को मशीन की आदत पड़नी चाहिए,” ते मला म्हणाले होते, “नहीं तो वो मशीन से बात करता है, मुझसे नहीं.”

शारजातल्या जुन्या वस्तीत त्यांचं घर होतं. त्यांना सगळे उस्तादच म्हणत, म्हणजे मास्तर, आणि अर्धं आयुष्य ते खरोखरच शाळामास्तर होते. जन्म खजुराच्या झावळ्यांच्या घरातला. वडील मोती काढायला जाणाऱ्या होडीवर दोर ओढायचे. पाणबुड्या खाली जायचा, कमरेच्या दोराला हिसका द्यायचा आणि वरच्या माणसाने त्याला ओढून घ्यायचं, हे ते काम. पुढे मोत्यांचा धंदा बसला. एक मामा मुंबईला मोती विकायला जायचा, तो या पोराला सोबत घेऊन गेला आणि काही वर्षं पोरगा भेंडी बाजारात राहून शिकला. म्हणून उस्तादांचं हिंदी थेट आपल्या मुंबईचं. “खाली-पीली टेन्शन मत ले” असं तो कंदुरा, म्हणजे अरबी पायघोळ झगा घातलेला, पांढऱ्या दाढीचा माणूस म्हणायचा तेव्हा पहिल्यांदा ऐकणारा दचकायचा.

ते परतले तेव्हा हा देश अजून देश व्हायचा होता. तो झाला, शाळा निघाल्या, आणि शाळेत मुलांना शिकवायला दुसऱ्या देशांतून आलेली इतिहासाची पुस्तकं होती. त्यांत हे गाव नव्हतं, हा समुद्रही नव्हता. उस्तादांनी दुबईच्या देऱ्यातल्या एका दुकानातून रेकॉर्डर घेतला आणि सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावरच्या वस्त्यांमधून म्हाताऱ्यांना गाठायला सुरुवात केली. आधी वर्तमानपत्रात लेख, मग पुस्तकं. मोत्यांच्या होड्यांवरच्या पहिल्या पुस्तकाने त्यांचं नाव झालं. विद्यापीठ भाषणांना बोलवायचं, पण नोकरी देत नव्हतं, कारण हातात डिग्री नव्हती. ती घ्यायला ते इंग्लंडला गेले तेव्हा त्यांचे विद्यार्थी बाप झाले होते.

“बड़े मुल्क का इतिहासकार मुर्दों के बारे में लिखता है,” ते एकदा म्हणाले. “छोटे मुल्कवाला जिसके बारे में लिखता है, वो शाम को मजलिस में उसके बाजू में बैठता है. कॉफी डालता है उसको.”

मी हसलो होतो. त्या वाक्यात त्यांनी मला काय सांगून ठेवलं होतं हे मला फार उशिरा कळलं.

मी इथे वीसेक वर्षं आहे. अल मजाजमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. लोकांच्या खिडकीतून खालिद लगूनचं पाणी दिसतं, आमच्या खिडकीतून पार्किंग. पुण्यात ध्वनिमुद्रण शिकलो आणि दुबईतल्या एका स्टुडिओत लागलो. मॉलमधल्या घोषणा, रेडिओच्या जाहिराती, असलं काम. बोलायला मी पहिल्यापासून कच्चा. बायको म्हणते, तुझ्याकडून एखादी गोष्ट काढून घ्यायची म्हणजे बाटलीतून गोठलेलं खोबरेल काढण्यासारखं आहे. स्टुडिओने माणसं कमी केली तेव्हा मी सुटं काम घेऊ लागलो, आणि एका संस्थेने मला उस्तादांच्या कॅसेटींचं काम दिलं. कॅसेटी डिजिटल करायच्या होत्या. प्रदर्शन भरणार होतं, लोक हेडफोन लावून जुन्या माणसांचे आवाज ऐकणार होते. सूचना एकच होती: आवाज क्लीन हवा.

उस्तादांनी दोन खोकी माझ्या हवाली केली. तेव्हाच ते काठी टेकत चालत होते. मला ‘मुहंदिस’ म्हणायचे, म्हणजे इंजिनिअर. मी इंजिनिअर नाही हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

त्या कॅसेटींवर एक पुरुष बोलत असायचा आणि त्याच्यामागे अख्खं घर चालू असायचं. खलबत्त्यात कॉफी कुटण्याचा आवाज, बकरी, एखादं रडणारं मूल, आणि बायका. मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, अलीकडे पुरुष, पलीकडे पडद्याआड बायका. अलीकडचा म्हातारा काहीतरी सांगत असायचा आणि मध्येच पलीकडून एखादी ओरडायची. म्हातारा थांबायचा, पुटपुटायचा, पुन्हा सुरू करायचा. कधी दोघीतिघी एकदम. माझं अरबी यल्ला, खलास, इन्शाल्लाच्या पुढे गेलेलं नाही. माझ्या कानाला तो गलका होता.

मी सॉफ्टवेअरला पुरुषाचा आवाज ओळखायला शिकवला आणि बाकीचं सगळं काढून टाक म्हणून सांगितलं. खलबत्ता गेला, बकरी गेली, मूल गेलं, बायका गेल्या. राहिला तो एकटा म्हातारा, असा स्वच्छ, की जणू काल माझ्या स्टुडिओत बसून बोलून गेला. इतकं देखणं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. संस्थेचे लोक खूष झाले. त्यांनी होकार दिल्यावर मी मूळ फाइली पुसल्या. आमच्या धंद्यात तसंच करतात, होकार आला की डिस्क मोकळी करायची.

राहिल्या कॅसेटी. परत द्यायच्या म्हणून मी खोकी गाडीच्या डिकीत ठेवली. त्याच दिवशी पुण्याहून फोन आला, आई आयसीयूत आहे. मी मिळेल त्या विमानाने गेलो. गाडी इमारतीमागच्या उघड्या वाळूच्या पार्किंगमध्ये उभी राहिली, ऐन जुलैत. आई वाचली. मी महिन्याभराने परत आलो आणि डिकी उघडली तेव्हा प्लास्टिकचा वास नाकात गेला. कॅसेटींचे कोपरे पुऱ्यांसारखे फुगले होते. एक उघडून पाहिली तर आतली फीत एकमेकीला चिकटून तिचा गोळा झाला होता.

मी ती दोन्ही खोकी इमारतीच्या कचऱ्याच्या पेटीत टाकली.

उस्तादांच्या मुलीचा फोन आला. ती मंत्रालयात नोकरी करायची आणि वडिलांच्या पुस्तकांचं सगळं तीच बघायची. तिने कॅसेटींचं विचारलं आणि मी एका श्वासात म्हणालो, “एसी गोदामात ठेवल्यात, मॅडम. घरापेक्षा तिथे सेफ.” ती थँक्यू म्हणाली. मला तेव्हा खरंच वाटलं होतं, काही हरवलेलं नाही. उलट जे होतं ते आधीपेक्षा चांगलं झालंय. खोटं बोलल्याचा थोडा त्रास झाला, इतकंच.

प्रदर्शन झालं, संपलं. मध्ये एक ईद गेली. मग एका दुपारी उस्तादांनी मला घरी बोलावलं.

त्यांचा पलंग आता मजलिसमध्येच आणला होता. मूत्रपिंडं गेली होती, आठवड्यातून तीनदा मशीनवर नेत. आवाज तेवढा शाबूत होता.

“बैठ, मुहंदिस. वो औरतों का आवाज चाहिए मुझे.”

“कौन सी औरतें, उस्ताद?”

“पर्दे के पीछेवाली. तेरा साफ वाला सुना मैंने, बहुत अच्छा है, मुबारक. अभी गंदा वाला ला.”

मग त्यांनी मला ते सांगितलं. त्यांच्या गाजलेल्या पुस्तकाची सुरुवात एका होडीने होते. होडी मोसम संपवून परत येते तेव्हा एक पाणबुड्या कमी असतो. पुस्तकात लिहिलंय, ‘एक पाणबुड्या समुद्राने ठेवून घेतला.’ नाव नाही. नाखुद्याने, म्हणजे होडीच्या कप्तानाने, त्याला विकत घेतलं होतं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून लहानपणी आणून विकलेला माणूस. त्या दिवशी त्याच्या कानातून रक्त येत होतं तरी त्याला पुन्हा खाली पाठवलं. त्याने दोराला हिसका दिला, आणि वरचा दोर ओढणारा झोपला होता.

“दोर मेरे बाप के हाथ में था,” उस्ताद म्हणाले.



नाखुद्याच्या घरी त्यांनी ही गोष्ट टेपवर घेतली तेव्हा घरातले पुरुष म्हणाले, कोण होता आठवत नाही. आणि पडद्यामागून एका बाईने नाव घेतलं. मोठ्याने, बापाच्या नावासकट. ती पुढेही बोलत होती. उस्तादांना पुढचं काय येणार ते कळलं आणि ते ओरडले, चुप, टेप चालू आहे. “वो चुप नहीं हुई. और बोली, और बोली. मैंने टेप उठाया, घर गया, और वो जगह फिर कभी नहीं सुनी. नाखुदा का बेटा शाम को मेरे बाजू में बैठता था ना.” आता नाखुद्याचा मुलगा गेला होता, त्या होडीवरचं कुणी राहिलं नव्हतं. पुस्तकाची नवी आवृत्ती निघत होती. ते नाव आता त्यांनाही आठवत नव्हतं. त्यांना त्या वाक्यात ते नाव घालायचं होतं, आणि त्यापुढे स्वतःच्या बापाचं. “बस, इतना काम है. फिर खलास.”

“गोदाम से निकालना पड़ेगा,” मी म्हणालो. “टाइम लगेगा थोड़ा.”

“मेरे पास वही नहीं है, हबीबी,” ते हसत म्हणाले.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते मलाच नीट सांगता येणार नाही. मुलगी फोन करायची. गोदामाची चावी दुसऱ्याकडे आहे. गोदाम अजमानला हलवलं. टेप डेक बिघडला, पार्ट जर्मनीहून येतोय. एकदा तर मी म्हणालो कस्टममध्ये अडकलाय. बाई सभ्य होती, प्रत्येक वेळी इन्शाल्ला म्हणायची. मी जुन्या डिस्का शोधल्या. पुसलेलं परत मिळवून देणाऱ्या बर दुबईतल्या एका माणसाकडे नेल्या. त्याने दोन दिवस ठेवून घेतल्या आणि हात वर केले, त्या जागेवर मी केव्हाच बिस्किटांच्या जाहिराती लिहिल्या होत्या. साफ केलेल्या फाइली मी कमाल आवाजावर लावून कान देऊन बसायचो. ती जागा उस्तादांनी मला सांगून ठेवली होती: म्हातारा म्हणतो, आठवत नाही. मग एक पोकळी. त्या पोकळीत ती बाई नाव घेत होती, आणि तिथे मी इतकं चोख काम केलं होतं, की साधी खरखरसुद्धा उरली नव्हती.

बायकोला कळलं ते माझ्या वजनावरून. ती एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला आहे, माणसं बघून सांगते.

“काय लपवतोयस? शुगर वाढलीय?”

“नाही.”

“मग बाई आहे का कुणी?”

“आहे,” मी म्हणालो. “पडद्यामागे.”

आणि मग तिला सगळं सांगितलं. ती ताटातलं तसंच टाकून ऐकत होती. आमची मुलगी आतून म्हणाली, “बाबा, जस्ट टेल हिम द ट्रुथ, इट्स नॉट रॉकेट सायन्स.” बायको तिच्यावर खेकसली, तू गप. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “सांग त्यांना. उद्याच्या उद्या.”

“तो माणूस मरतोय.”

“म्हणूनच.”

मी नाही सांगितलं. तेवढ्यात उस्तादांच्या मुलीलाच एक वाट सुचली. ती बाई जिवंत होती. नाखुद्याची सून, त्याच वस्तीत वाढलेली, आता रास अल खैमाच्या बाजूला नातवाकडे राहत होती. पुरुषांसमोर बसणारी नव्हती, आणि मुलीला वाटलं, प्रदर्शनात भेटलेली माझी बायको बोलकी आहे, म्हाताऱ्या बायकांशी तिचं जमतं, तिला सोबत न्यावं. मला एकदम हलकं वाटलं. नाव मिळालं की कॅसेटीची गरजच संपली. मी बायकोच्या पाया पडायचा बाकी होतो. ती माझ्याशी न बोलता तयार झाली आणि गेली.

संध्याकाळी परत आली तेव्हा चप्पल न काढताच सोफ्यावर बसली.

“म्हातारीला हिंदी येतं,” ती म्हणाली. “जुन्या बायकांना येतं तसं. मला आधी विचारते, मुंबईत अजून मोती विकतात का. मग उस्तादांच्या मुलीने विषय काढला. तिला होडी आठवते, तो माणूसही आठवतो. तिला लहान असताना खांद्यावर घेऊन पाण्यात न्यायचा म्हणे. नाव नाही आठवत. दोनतीनदा तोंड उघडलं आणि नुसतीच आमच्याकडे बघत राहिली. मग चिडली. म्हणाली, ‘जब याद था तब चुप कराया. मैंने बोला था, उसकी मशीन में बोला था. मशीन से पूछो.’”

“मग?”

“मग ही उस्तादांची मुलगी हसून म्हणते, ‘खाला, मशीन इनके मियाँ के पास है.’ आणि म्हातारीने माझा हात धरला. दोन्ही हातांनी. सुनाना मुझे भी, म्हणाली.”

बायको उठली आणि बाथरूममध्ये गेली. बराच वेळ नळ वाहत होता.

यानंतर मी जे केलं ते लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला आहे. हा लेख मी दोनदा इथपर्यंत आणून सोडून दिला होता.

हल्ली हवा तसा आवाज बनवता येतो. जाहिरातींसाठी मी रोज बनवतो. म्हातारी बाई, आखाती अरबी, थोडी चिडलेली, सगळं निवडता येतं. मी एक नाव घेतलं. आमच्या गल्लीत आफ्रिकेतला एक माणूस गाड्या धुतो, त्याचं नाव. त्याला बापाचं नाव विचारलं, त्याने हसत सांगितलं. ते दोन्ही मी त्या यंत्रातल्या बाईच्या तोंडी घातलं. तिचा आवाज लांबून यावा म्हणून खाली आणला. वर दुसऱ्या एका जुन्या कॅसेटची खरखर पसरली. म्हाताऱ्याचं ‘आठवत नाही’ संपतं तिथे, त्या पोकळीत, ते बसवलं. ऐकलं. अगदी खरं वाटत होतं. मी स्वतःला समजावलं, की मरणाऱ्या माणसाला एक नाव हवंय, कोणतंही. त्यालाही ते आठवत नाहीच. तो शांतपणे जाईल. कुणाचं काय बिघडतं?

बायकोला फक्त एवढंच म्हणालो, की उस्तादांना भेटायला जाऊ. तिला वाटलं, मी सांगायला निघालोय. ती सोबत आली.

मजलिसमध्ये उस्ताद, त्यांची मुलगी आणि आम्ही दोघं. मी म्हणालो, एक तुकडा मिळाला. मुलीने “अल हम्दुलिल्लाह” म्हणून दोन्ही हात तोंडावर नेले. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. उस्तादांच्या कानांवर हेडफोन चढवला आणि लावलं.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. बोट वर केलं, पुन्हा. मी पुन्हा लावलं. मुलगी वही घेऊन वाकली होती, ते नाव सांगतील आणि आपण लिहू म्हणून. त्यांनी हेडफोन काढला.

“ये कौन सा घर है?”

“वही, उस्ताद. नाखुदा का.”

“नहीं,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. “उस दिन कॉफी कूट रहे थे. मेरी बीवी अंदर थी, ये उसकी गोद में थी,” त्यांनी मुलीकडे हात केला, “ये रो रही थी. बहुत रो रही थी. इसमें कोई नहीं है. इसमें घर ही नहीं है, मुहंदिस.”

मी सांगितलं. तिथेच, त्या मुलीसमोर. फिल्टर, पुसलेल्या फाइली, डिकी, कचरापेटी, गोदाम नसलेलं गोदाम, आणि हे आत्ताचं. हिंदी सुचेना तेव्हा मराठीत बोललो. एका जागी मी म्हणालो, आठवडाभर गाडी उन्हात होती, आणि मागून बायको म्हणाली, “महिनाभर.” मी थांबलो. महिना, मी म्हणालो. मुलीने वही बंद केली होती. तिचा चेहरा मला आजही बघवत नाही.

मग मी आणखी एक क्षुद्रपणा केला. म्हणालो, “आपने भी तो उनको चुप कराया था, उस्ताद.”

त्यांनी हेडफोन माझ्यापुढे सरकवला.

“मैंने बोला चुप,” ते म्हणाले. “वो चुप नहीं हुईं. तूने कर दिया.”

यापलीकडे ते मला काही बोलले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतर तर प्रश्नच नव्हता. त्यांनी मान भिंतीकडे वळवली. मुलगी आम्हाला दारापर्यंत सोडायला आली, कारण त्या घरात पाहुण्याला दारापर्यंत सोडतात. बाहेर ऊन असं होतं की गाडीच्या दाराला हात लावता येत नव्हता. बायकोने टॅक्सी केली. मी गाडीत एसी न लावता बसून राहिलो, मग कुणीतरी काच वाजवली, गाडी हलवा म्हणून.

उस्ताद हिवाळ्याच्या सुरुवातीला गेले. मला वर्तमानपत्रातून कळलं. छोट्या देशाचा मोठा इतिहासकार, असं काहीतरी छापलं होतं, आणि त्यांचा तरुणपणीचा फोटो, गळ्यात रेकॉर्डरचा पट्टा. दफनाला जायची माझी हिंमत झाली नाही. मी दुबई मरीनाला एका हॉटेलच्या जाहिरातीचं काम होतं तिथे गेलो आणि दिवसभर लाटांचा आवाज नीट बसवत राहिलो.

नंतर त्यांच्या मुलीचा फोन आला.  ती फक्त कामाचं बोलली. हिंदीतच, वडिलांसारखं. नव्या आवृत्तीचं ते पान अडलं होतं. वडिलांनी जाण्यापूर्वी ते वाक्य बदलायला सांगितलं होतं: एका बाईने त्याचं नाव सांगितलं, मी तिला गप्प बसवलं, दोर माझ्या बापाच्या हातात होता, आणि ते ध्वनिमुद्रण आता नाही. मजकूर एवढाच. पण इतिहासाच्या पुस्तकात, ती म्हणाली, साधन नष्ट झालं तर कसं आणि कुणाकडून ते तळटीपेत देतात, बाबांनी मला तसंच शिकवलंय. “आपका नाम लिखना है कि नहीं, ये पूछने को फोन किया. मैं बदला नहीं ले रही. आप नहीं बोलेंगे तो नहीं लिखूँगी.”

मी म्हणालो, लिहा. लगेच म्हणालो. फोन ठेवल्यावर बरं वाटलं, बऱ्याच दिवसांनी. वाटलं, ही शिक्षा आहे आणि मी ती घेतली. बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या करत होती.

“म्हणजे त्या पानावर त्याचं नाव नाही,” ती म्हणाली, “आणि तुझं आहे. पन्नास वर्षांनी कुणी पुस्तक उघडलं तर तू सापडशील. तो नाही. वा.”

 दुसऱ्या दिवशी उस्तादांच्या मुलीला फोन करून म्हणालो, नका लिहू. तिने कारण विचारलं नाही. तिला काय वाटलं असेल ते मला ठाऊक आहे: घाबरला. तेही खरं असेल. भीती कोणती आणि लाज कोणती, हे मी आता वेगळं करू शकत नाही. हे लिहितानाही कुणाचं नाव घालायची माझी लायकी नाही, माझं धरून.

पुस्तक आलं. मला त्याची प्रत कुणी पाठवली नाही आणि मी विकत घेतली नाही, मला वाचताही येत नाही ते.

बायको मात्र अजून रास अल खैमाला जाते. एका सुट्टीला गेली, मग दर दोन महिन्यांनी जायला लागली. म्हातारीसाठी लोणचं नेते, तिला आपलं कैरीचं लोणचं आवडतं. मागच्या ईदला गेली होती. आता म्हातारीला नातू ओळखू येत नाही, सुना ओळखू येत नाहीत. माझ्या बायकोला ओळखते, मशीनवाल्याची बायको म्हणून. हात धरते आणि दर वेळी एकच विचारते.

“मिला क्या?”

“तू काय सांगतेस?” मी विचारलं.

बायको लोणच्याचा रिकामा डबा घासत होती. ज्या बाईने मला उद्याच्या उद्या खरं सांग म्हणून बजावलं होतं, ती माझ्याकडे पाठ करूनच बोलली.

“सांगते, ढूँढ रहे हैं.”